मोटो गुझी व्ही७ स्पोर्ट बघितलीय, लाल फ्रेमचे जास्तीचे पैसे द्यायचे का?

लोम्बार्दीकर:
नमस्कार मंडळी, मी कामानिमित्त मिलानला असतो आणि जुन्या इटालियन मोटारसायकलींचं वेड आता डोक्यात पार भिनलंय. बेर्गामोजवळ एकाने १९७२ ची व्ही७ स्पोर्ट विकायला काढलीय. हिरवी टाकी, लाल फ्रेम, किलोमीटर अगदी कमी, बरीच वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली. जाहिरातीत सगळा जोर लाल फ्रेमवर आहे, ‘तेलायो रोस्सो’ (म्हणजे लाल फ्रेम) असं मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि किंमतही त्याच हिशोबाने लावलीय. साध्या व्ही७ स्पोर्टपेक्षा बरीच जास्त. फोटोत गाडी इतकी देखणी दिसते की रात्री झोप लागेना. पण खरंच ती पहिल्या लॉटमधली आहे की कुणी मागाहून रंग मारलाय हे ओळखायचं कसं? आणि बघायला जाईन तेव्हा अजून काय काय तपासू?

टॅपेटराव:
भाऊ, आधी लाल फ्रेमला एवढा भाव का ते सांगतो. १९६९ ला गुझीने व्ही७ च्या इंजिनावर मोंझाला वेगाचे विक्रम केले, त्यानंतर लिनो तोंती या इंजिनियरने खरी स्पोर्ट गाडी करायला घेतली. अडचण अशी होती की जुन्या व्ही७ मध्ये डायनॅमो दोन सिलिंडरच्या मधे वर बसलेला, त्यामुळे फ्रेम उंच जायची. तोंतीने तो काढला आणि क्रँकच्या पुढच्या टोकाला आल्टरनेटर लावला, मग टाकीखालची नळी थेट सिलिंडरच्या बेचक्यातून गेली आणि गाडी एकदम बुटकी झाली. इंजिनही ७५७ सीसीवरून ७४८ वर आणलं, ७५० च्या क्लासमध्ये बसावं म्हणून. १९७१ च्या अगदी पहिल्या गाड्या कारखान्याच्या प्रायोगिक विभागात हाताने बांधल्या, त्यांची फ्रेम क्रोम-मोलिब्डेनम स्टीलची, तीच लाल. नंतर नेहमीचं उत्पादन सुरू झालं तेव्हा फ्रेम काळ्या आल्या. म्हणून १९७२ ची गाडी आणि लाल फ्रेम म्हटलं की मला आधी शंका येते.

बघायची जागा सांगतो. या फ्रेमच्या खालच्या दोन नळ्या बोल्टने जोडलेल्या असतात, इंजिन उतरवता यावं म्हणून. टॉर्च घेऊन खाली वाका आणि त्या जोडाच्या फटीत, बोल्टच्या डोक्यामागे बघा, रंग मारणारा तिथपर्यंत सहसा नीट पोचत नाही. लालच्या आत काळा दिसला तर जास्तीचा एक युरो पण देऊ नका. फ्रेम नंबर लिब्रेत्तोमधल्या (गाडीच्या नोंदणी पुस्तकातल्या) नंबराशी अंक न् अंक ताडून घ्या आणि विकणाऱ्याकडे एएसआय किंवा एफएमआय या जुन्या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या इटालियन संस्थांच्या नोंदणीची कागदपत्रं मागा, त्यात फोटो असतात. इंजिनची झाकणंही बघा, पहिल्या लॉटची वाळूच्या साच्यात ओतलेली होती, पृष्ठभाग खरखरीत लागतो.

निकासिल:
टॅपेटरावांचं सगळं बरोबर आहे पण मला विचाराल तर रंगाच्या आधी सिलिंडर बघा. या काळातल्या गुझीच्या सिलिंडरला आतून हार्ड क्रोमचा थर असायचा, आणि गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की दमटपणा थराखाली शिरतो आणि क्रोम पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. म्हणजे कमी किलोमीटर आणि झाकून ठेवलेली हे जे तुम्हाला आवडलंय ना, तीच माझ्या मते सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट आहे. रोज चालवलेली गाडी कितीतरी बरी. सुटलेला क्रोम तेलात उतरतो आणि ह्या इंजिनाला कागदी फिल्टर नाहीच, सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, नुसती जाळी आहे, मग ते कण थेट बेअरिंगपर्यंत जातात. क्रोमचा कण चुंबकाला चिकटत नाही त्यामुळे ड्रेन प्लगवर लोहचुंबक फिरवून काही मिळालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

स्पार्क प्लग काढून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घाला. चांगलं क्रोम आरशासारखं एकसारखं दिसतं, बिघडलेलं असेल तर करडे डाग आणि कडेला नखाने ओरखडल्यासारखी तुटकी रेष दिसते, जास्त करून वरच्या भागात. असे सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठे करून, चालत नाहीत, पिस्टनसकट निकासिलचे (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर दिलेले) नवीन सेट घालावे लागतात. ते मिळतात, गुझीचा कारखाना आहे त्या मांदेल्लोमधल्याच गिलार्डोनी कंपनीचे आहेत, त्यामुळे गाडी सोडायची गरज नाही पण तो खर्च किमतीतून वजा व्हायलाच हवा. आधीच बदललेले असतील तर मी तीच गाडी घेईन, संग्राहक ओरिजिनल ओरिजिनल करतात तरी.

स्पोकवाली:
मी ही गाडी चालवते (काळी फ्रेम), म्हणून थोडं चालवण्याबद्दल. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, ते सवयीचं आहे. उभ्या गाडीवर थ्रॉटल पिळलात की ती उजवीकडे झुकते, क्रँक लांबीच्या दिशेने असल्यामुळे, तो दोष नाही, घाबरून जाऊ नका. पुढचा ड्रम ब्रेक मोठा आहे, २२० मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंनी शू, आणि नीट सेट केला तर फार छान धरतो पण सेट करणारा माणूस हवा. ट्रायल घ्याच, आणि इंजिन पूर्ण गार असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच त्याने तापवून ठेवलं असेल तर मला ते आवडणार नाही.

आणि मनापासून सांगते, काळ्या फ्रेमची चांगली गाडी मिळाली तर ती घ्या. वळणावर ती ज्या विश्वासाने झुकते ते तोंतीच्या आखणीमुळे, ते रंगावर नाही. मिलानहून मांदेल्लो जवळच आहे, कारखान्यातलं संग्रहालय आधी बघून या, खरी गाडी डोळ्यात बसली की जाहिरातीतली ओळखू येते.

लोम्बार्दीकर:
खूप आभार सगळ्यांचे. विकणाऱ्याशी बोललो. बोरस्कोप घालू देतो म्हणाला, गार इंजिनालाही तयार आहे, पण सम्प उघडायला नाही म्हणतोय. आणि एफएमआयची कागदपत्रं आहेत पण ती नंतर, व्यवहार ठरल्यावर दाखवीन म्हणे.

टॅपेटराव:
कागद आधी, व्यवहार नंतर. फोटोच पाठव म्हणा, त्यात फ्रेमचा रंग दिसेल. तेवढं सुद्धा जमत नसेल तर ती काळी फ्रेम आहे असं धरून भाव सांगा.

निकासिल:
सम्प न उघडणं मी समजू शकतो, गॅस्केट जुनं असतं. मग निदान तेल सोडून पांढऱ्या कपड्यातून गाळू दे म्हणा, उन्हात धरलं की चकाकणारे कण लगेच दिसतात. त्यालाही नाही म्हणाला तर नवीन सिलिंडर-पिस्टनची किंमत धरूनच बोलणी करा.