साथीपूर्वीची आकडेवारीच नसेल, तर मानसिक आरोग्यावरील परिणाम मोजायचा कसा?

प्रश्न : संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर कोरोनाच्या साथीचा झालेला परिणाम हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण जगभर २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. सोलापुरातील वाढ सांगायची तर आधीचा आकडा हवा, आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ‘२०१९ मध्ये तुम्हाला कसे वाटत होते?’ असे आता विचारून तुलना करावी, असे माझे मार्गदर्शक सुचवतात. मला ते पटत नाही. आपले मत काय?

उत्तर : संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक

आपली शंका रास्त आहे. आज खचलेल्या माणसाला मागचे दिवसही एकतर काळवंडलेले आठवतात, नाहीतर फारच सुखाचे वाटतात. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते, तिच्याकडून काही वर्षांपूर्वीचे उत्तर मागू नये. त्याऐवजी शीर्षकातला ‘परिणाम’ हा शब्द काढा. घरातला मृत्यू, टाळेबंदीत बंद पडलेले काम, बचत गटाचे थकलेले हप्ते या घटना माणसाला मनःस्थितीपेक्षा पक्क्या आठवतात आणि कागदपत्रांवरून पडताळताही येतात. त्यांचा आजच्या स्थितीशी संबंध तपासा, मात्र त्याला कारण म्हणू नका. २०२० मधल्या गूगल फॉर्मवरच्या पाहण्या आधारासाठी घेऊ नका, कारण ज्या घरात स्मार्टफोन नव्हता ते घर त्यांत आलेच नाही.

उत्तर : सोलापूरच्या पूर्व भागात काम केलेली क्षेत्र-कार्यकर्ती

मला भाषेची काळजी अधिक वाटते. आपल्या पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. मराठी प्रश्न घरातल्या मुलीने तिथल्या तिथे तेलुगूत सांगितला, तर प्रत्येक घरात प्रश्न वेगळा होतो, आणि आईचे दुःख मुलीच्या तोंडून गाळूनच बाहेर येते. तेलुगू प्रश्नावली आधी तयार करा, दुसऱ्या कुणाकडून ती पुन्हा मराठीत करवून अर्थ जुळतो का ते पाहा. ‘उदास वाटते का?’ याला ‘नाही’ म्हणणारी बाई पुढच्याच वाक्यात छातीत धडधडते, झोप लागत नाही, असे सांगते. थकव्याच्या प्रश्नावर तर थांबून विचारावेच लागते, कारण हजार विड्या पुऱ्या करण्यासाठी दिवसभर वाकून बसलेल्या बाईचा थकवा नैराश्याचा की कामाचा, हे गुणांवरून कळत नाही. शिवाय सासू शेजारी बसलेली असते. मी दोन-दोन फेऱ्या मारून एकांत मिळवला आहे.

उत्तर : मानसोपचार समाजकार्यकर्ता

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. माझ्या पहिल्या पाहणीत एका बाईंनी त्याला होकार दिला होता, आणि मला ते आठवड्याने, माहिती संगणकात भरताना दिसले. त्या सुखरूप होत्या, पण तो आठवडा मी विसरलेलो नाही. उत्तर तिथेच पाहा, त्याच दिवशी कुणाकडे पाठवायचे हे शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी आधी ठरवा, आणि होकार आल्यास गोपनीयतेला कुठे मर्यादा पडेल हे संमतिपत्रात स्पष्ट लिहा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकीला द्या, मात्र तेवढ्यावर थांबू नका.

प्रश्नकर्ती :

आपण सर्वांनी वेळ दिला, मी ऋणी आहे. शीर्षक बदलण्याचा अर्ज करते, आणि नवव्या प्रश्नाची व्यवस्था होईपर्यंत पाहणी सुरू करणार नाही. तेलुगू बोलणारी एखादी समुपदेशक आपल्या परिचयात असेल, तर कृपया कळवावे.