शब्दचर्चा : ‘केज्ड’ ग्लुटामेटला मराठीत काय म्हणावं?

कारेलीबाग : लेक इथे बडोद्यात मराठी मंडळींपुढे मेंदूसंशोधनावर बोलणार आहे. गुजराती शाळेत ती ‘चेताकोष’ शिकली, आपण ‘चेतापेशी’ म्हणतो. तेव्हा ‘चेता’ घरचाच. न्यूरोट्रान्समीटरला, म्हणजे एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे नेणाऱ्या रसायनाला, ‘चेतापारेषक’ केलं. ग्लुटामेट हा असाच एक चेतापारेषक. अडलंय ते ‘केज्ड ग्लुटामेट’पाशी, म्हणजे प्रकाश पडेपर्यंत निष्क्रिय ठेवलेल्या ग्लुटामेटपाशी. ‘पिंजराबंद’ चालेल?

रावपुरा : ताई, ‘पिंजराबंद’ नको. ऐकणाऱ्याला वाटेल, रेणूभोवती जाळी आहे. तशी जाळी नसतेच. ग्लुटामेटच्या एका कार्बोक्सिल गटाला नायट्रोइंडोलिनचा गट जोडलेला असतो, एवढंच. रेणू द्रावणात मोकळा फिरतो, चेतापेशीला खेटूनही जातो, पण तिच्या ग्राहीत, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनात, बसू शकत नाही. मळणीच्या बैलाला मुसकं घालतात ना, तसं. बैल कणसांवरूनच फिरतो, तोंड मात्र लावता येत नाही. प्रकाश पडला की बंध तुटतो, मुसकं उतरतं. माझं मत ‘मुसकं घातलेलं ग्लुटामेट’.

दांडिया बाजार : काका, बोलताना झकास, पण स्लाइडवर ‘प्रकाशमोच्य ग्लुटामेट’ लिहावं आणि क्रियेला ‘प्रकाशमोचन’. ‘केज्ड’ही एकदा सांगाच, १९७८ साली कॅप्लन, फोरबुश आणि हॉफमन यांनी एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूसाठी वापरल्यापासून तो रुळलाय, पुढे वाचणाऱ्याला लागेलच.

रावपुरा : ‘मोच्य’ पटलं. आत काही कोंडलंय असं त्यातून वाटत नाही. आणि लेकीला म्हणावं, खरी गंमत नेमकेपणात आहे, ती सांगायला विसरू नकोस. ७२० नॅनोमीटरच्या आसपासचा लेसर वापरला, तर एका रेणूनं दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, एकदम शोषले तरच बंध तुटतो, आणि तसं फक्त केंद्रबिंदूपाशी घडतं. त्यामुळे वृक्षिकेवरचा, म्हणजे चेतापेशीच्या फांदीवरचा, निरोप घेणारा जेमतेम मायक्रोमीटरभराचा एकच काटा चेतवता येतो, शेजारचा शांत राहतो. तारेच्या इलेक्ट्रोडला हे कुठून जमणार? आणि हो, प्रकाशानं बंध तुटतो म्हणूनच तर द्रावणाची बाटली उजेडापासून जपतात, फॉइलमध्ये गुंडाळून.

कारेलीबाग : मग ऑप्टोजेनेटिक्सलाही ‘प्रकाशमोचन’च? तिथेही प्रकाशानंच पेशी चेतवतात ना?

दांडिया बाजार : नाही, तिथे घोटाळा होईल. त्यात चॅनलरोडॉप्सिन या प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक पेशीत घालतात. मग प्रकाशानं पेशीच्या पटलातली वाहिनीच उघडते. बाहेरच्या द्रावणात काही सुटत नाही. त्याला ‘ऑप्टोजेनेटिक्स’च राहू द्या.