जबाबदार की दायी?

स्वतः चालणाऱ्या गाड्यांच्या अपघातांवरचा एक मजकूर मराठीत आणतोय. 'लायबिलिटी'ला सगळीकडे 'जबाबदारी' लिहीत गेलो आणि शेवटी हे वाक्य तयार झालं: 'चालक जबाबदार नाही, पण जबाबदारी मालकाची.' काय करू?

— 'दायित्व' घ्या. जबाबदार म्हणजे जबाब देणारा. दायित्वात 'दा' धातू आहे, देणं. एकाला 'असं का झालं' विचारायचं, दुसऱ्याकडून पैसे घ्यायचे. माणूस गाडी चालवतो तेव्हा ही दोघं बहुधा एकच असतात, म्हणून आपलं एका शब्दावर भागलं. ब्रिटनच्या २०१८च्या कायद्यात ती वेगळी झाली. विमा उतरवलेली गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला, तर भरपाई आधी विमा कंपनी देते, मग चूक ज्याची असेल त्याच्याकडून वसूल करते. कंपनी दायी आहे, दोषी नाही.

— छान. मग शीर्षकात 'विनाचालक गाडीचा अपघात' चालेल?

— जपून हं. मार्च २०१८मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या स्वतः चालणाऱ्या चाचणीगाडीने एका पादचारी बाईंचा जीव घेतला, तेव्हा चालकाच्या जागी माणूस बसलेला होता. फौजदारी खटलाही त्याच व्यक्तीवर झाला, कंपनीवर नाही. 'विनाचालक' लिहिलंत की तो माणूसच गायब!

— त्याच अपघाताबद्दल, शब्दचर्चेत शोभेल असं: त्या बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होत्या. धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीला काहीतरी दिसलं होतं. पण ते कधी 'वाहन', कधी 'इतर', कधी 'सायकल'. नाव बदललं की आधीच्या हालचालीची नोंद बाद, मग ती वस्तू कुठे चाललीय याचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून. सायकल ढकलत चालणारी बाई कुठल्याच खणात बसेना.

— बापरे. एक शेवटचं. ब्रिटनच्या २०२४च्या कायद्यात 'यूजर-इन-चार्ज' आहे, म्हणजे गाडी स्वतः चालत असताना चालकाच्या जागी नुसता बसलेला माणूस. गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली याचा गुन्हा त्याच्यावर लागत नाही. मी 'ताबेदार' लिहून बसलोय.

— अहो, ताबेदार म्हणजे हुकमाचा चाकर! 'प्रभारी' करा. अर्थात, गाडीने 'आता तू घे' म्हटलं की त्याने निमूटपणे स्टिअरिंग धरायचं असतं. तेव्हा तुमचा शब्द अगदीच वाया गेला नाही म्हणा.