भूल कोण देणार हे दवाखान्यात विचारावं का?

वऱ्हाडी_पोट्टा: मोठ्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात ठरलं हाय, वय ६८, बीपीची गोळी चालू. तिथला कंपाउंडर म्हणते भुलीचं कंबरेतलं इंजेक्शन सर्जन साहेबच देतात, भूलवाला वेगळा नसते. भूलतज्ज्ञ म्हणतात हे काम आमचंच, नाहीतर पेशंटला धोका. हे डॉक्टरलोकांचं आपसातलं भांडण हाय का खरंच काही हाय? यवतमाळला न्यायचं तर खर्च, सोबतीला माणूस, अन इकडं कापूस वेचणी चालू.

ओटी_सिस्टर: भाऊ, मी ऑपरेशन थेटरमधीच काम करते. सुई टोचणं थोडंसंच काम, खरं काम त्याच्यानंतर. पहिल्या पंधरा-वीस मिनिटात बीपी एकदम उतरू शकते, औषध वर चढलं तर श्वास अडते, मग सलाइन वाढवा, बीपीचं इंजेक्शन द्या, वेळ आली तर घशात नळी टाका. ज्याचे दोन्ही हात पोटाच्या टाक्यात त्यानं हे कधी करायचं सांगा? मॉनिटरपाशी एक माणूस फक्त त्याच कामाला पाहिजेच.

चामोर्शीकर: पटते, पण सगळं भूलतज्ज्ञावरच अडवलं तर आमच्या गडचिरोलीत आतल्या गावच्या बाईनं सिझेरियनला कुठं जावं? म्हणूनच तर सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भूल द्यायचं ट्रेनिंग सुरू केलं, त्यानं अडलेल्या बायांची सोय होते. संघटनांची भांडणं चालूच राहतात, २०२० मध्ये आयुर्वेदच्या पीजी डॉक्टरांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी निघाली तेव्हाही आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेनं ११ डिसेंबरला बंद केला होता.

ओटी_सिस्टर: दादा, ते ट्रेनिंग अडलेल्या बाळंतपणासाठी आहे, आणि तो डॉक्टरसुद्धा तेव्हा फक्त भूलच पाहते, सोबत ऑपरेशन नाही करत. हर्निया अडकलेला नसेल तर चार दिवस थांबता येते. जिल्ह्यावरून भूलतज्ज्ञ बोलावतात तालुक्यात, सरळ विचारा, भुलीत एमडी किंवा डीए (भुलीचा डिप्लोमा) झालेले कोण येणार, आधी तपासणार का, भुलीच्या संमतीवर सही कोण घेणार. यात लाजायचं काय?

वऱ्हाडी_पोट्टा: फोन लावला ताई. बुधवारी यवतमाळचे भूलवाले येतात म्हणाले, त्या दिवशी घेऊ म्हणे, पैसे वेगळे लागतील, लागू द्या. बीपीची गोळी त्या सकाळी द्यायची का?

ओटी_सिस्टर: गोळीची पट्टीच घेऊन जा अन त्यांनाच दाखवा, काही गोळ्या घोटभर पाण्यासोबत देतात, काही बंद ठेवतात. जेवण मात्र रात्रीच, सकाळी चहा-टोस्ट काहीच नाही.