वादळात पडलेल्या माडाचा बुडखा: कुजू द्यावा की काढावा?

वाडीकर: “वादळाने पाडलेल्या झाडाचा बुडखा उपटू नका, जागीच कुजू द्या, माती आपले आपण पाहून घेईल,” हा मातीमित्र यांचा सल्ला वाचून गप्प बसवेना. चिंचेला तो चालेलही, माडाला चालत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आमचे 26 माड पडले. खोडे कापून बाजूला केली, पण मजुरी वाचावी म्हणून बुडखे तसेच ठेवले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांतील एक पहारीने फोडला, तर भुशासारख्या गाभ्यात अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वेटोळे करून पडलेल्या अळ्या निघाल्या. गेंड्या भुंगा, माडाचा कोवळा शेंडा पोखरणारी कीड! उभ्या माडांची नवी झावळी उलगडली तीच मुळी कात्रीने कातरल्यासारखी.

मातीमित्र: आपल्या वाडीत शेणखताचा खड्डा नाही काय? हा भुंगा तेथेही अंडी घालतो. बुडख्यांना आरोपी करण्यापूर्वी आपला उकिरडा तपासावा. आमच्या शेजाऱ्यांनी बुडखे काढण्यासाठी गडगा पाडून जेसीबी आत नेला, त्याच्या चाकांखाली उभ्या सुपारीची मुळे चिरडली गेली आणि वर्षभरात 11 झाडे वाळली.

सुपारीवाली: जेसीबी आणायला पैसे होते, हे वाचून शेजाऱ्यांचा हेवा वाटला. आम्हाला आधी भरपाई सांगितली हेक्टरी 50 हजार रुपये. वाडी मोजतात गुंठ्यांत, हे ठरवणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते काय? आमच्या आठ गुंठ्यांचे चार हजार रुपये होतात, आणि त्यात सुपारी इतकी दाट की दोन झाडांमधून भरलेली टोपली नेताना अंग चोरावे लागे. पुढे झाडामागे हिशेब आला, तो नारळाला 250 आणि सुपारीला 50 रुपये. पाच-सहा वर्षे शिंपल्यावर धरणाऱ्या झाडाचे 50 रुपये! बुडखा खणणारा गडी तेवढ्यात पहार तरी उचलेल काय?

वाडीकर: ताई, विषय बुडख्याचा आहे. तरीही सांगतो, आमच्याकडे पंचनाम्यात आडवी झाडे तेवढी मोजली. शेंडा मोडून नुसते खांब उरलेले माड “उभे आहेत” म्हणून वगळले. शेंडा गेलेला माड पुन्हा फुटत नाही, हे कोकणात कोणाला शिकवावे लागावे?

सुपारीवाली: विषय बुडख्याचा आहे ना?

कलमवाला: आंब्याचे काय ते कोणीच बोलत नाही. माझे हापूसचे कलम जोडाखाली मोडले होते. सगळे म्हणाले, खुंट जाळून टाका. मी ठेवला. त्याला फुटवे आले ते अर्थातच रायवळचे, म्हणजे खालच्या बिनकलमी आंब्याचे, पण त्यांतील एका जोमदार फुटव्यावर हापूसची काडी बांधली आणि ती लागली. जाळला असता तर हाती राख आली असती.

मातीमित्र: म्हणजे बुडखा ठेवण्यात शहाणपण असते, हेच मी म्हणत होतो.

वाडीकर: कलमवाल्यांनी जिवंत खुंट ठेवला, आपण मेलेला ठेवायला सांगत आहात. आपला स्वतःचा अनुभव कोणत्या झाडाचा आहे, तेवढे लिहावे.

मातीमित्र: फणसाचा. माडापुरते आपले म्हणणे मान्य करतो, उकिरड्याचा मुद्दा मात्र सोडत नाही.

वाडीकर: फणसाच्या जोरावर माडवाल्यांना उपदेश! असो. खणणे परवडत नसेल त्यांनी बुडखा निदान पहारीने फोडून उघडा टाकावा. अळ्या आमच्या कोंबड्यांनी दोन दिवसांत वेचल्या.

सुपारीवाली: कोंबड्या वादळातच गेल्या. त्यांची भरपाई हेक्टरी असते की नगावर, तेही कळवावे.