मलेरिया क्रॉसचा लिंकेज मॅप ४,००० सेंटीमॉर्गन येतोय, कुठे चुकतंय?

ऐरोलीकर: फाल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीच्या एचबी३ × डीडी२ क्रॉसवर (दोन स्ट्रेनचा संकर) लिंकेज मॅप, म्हणजे क्रोमोसोमवरच्या खुणांचा क्रम आणि अंतर दाखवणारा नकाशा, बांधतोय. संततीचे ३५ क्लोन (प्रत्येक एकाच परजीवीपासून वाढवलेला), ९०० मार्कर (दोन स्ट्रेनमध्ये फरक असलेल्या डीएनएवरच्या जागा). १४ गट (१४ क्रोमोसोम) नीट पडतात, पण एकूण लांबी ४,००० सेंटीमॉर्गन भरते (१ सेंटीमॉर्गन म्हणजे शंभर संततीत सरासरी एक क्रॉसओव्हर, म्हणजे आई-बापांच्या क्रोमोसोमची अदलाबदल). १ सेंटीमॉर्गनला १७ किलोबेस (हजार डीएनए अक्षरं) धरले तर पूर्ण जिनोमच्या २३ मेगाबेसला १,३५० च्या आसपास यायला हवी. रिकॉम्बिनेशन (अशी अदलाबदल) खरंच इतकं होत असेल का?

खारघर_लॅब: नाही हो. रक्तातला परजीवी हॅप्लॉइड (क्रोमोसोमचा एकच संच), त्यामुळे प्रत्येक मार्करवर एचबी३ किंवा डीडी२, तिसरं काही नाही. मध्येच एक कॉल (मार्करचं वाचन) चुकला की दोन खोटे क्रॉसओव्हर, म्हणजे ३५ क्लोनमध्ये ५.७ सेंटीमॉर्गनची भर. तुमचे २,६५० जास्तीचे यायला ३१,५०० पैकी जेमतेम ४६५ कॉल चुकले तरी पुरे. दीड टक्का!

प्रत्येक क्लोनचं क्रोमोसोम दोन रंगांत काढून बघा. एकाच रंगाच्या पट्ट्यात एकटा ठिपका दिसला की संशय घ्यायचा. तो कॉल उलटवू नका, रिकामा ठेवा. लागोपाठ चार-पाच मार्कर एकत्र उलटले असतील तर ते खरं रिकॉम्बिनेशन असू शकतं, त्याला हात लावू नका.

ठाणे_पूर्व: हेटरोझायगस कॉल (एकाच मार्करवर दोन्ही प्रकार दिसणारे) आधी मोजा. सगळ्या क्लोनमध्ये त्याच मार्करवर येत असतील तर रीड (डीएनएचे वाचलेले तुकडे) चुकीच्या जागी बसताहेत; क्रोमोसोमच्या टोकांकडचे, एकमेकांसारखे दिसणारे वार, रिफिन या कुटुंबांतले जीन हमखास हा घोळ घालतात, तो भाग सरळ वगळा. एकाच क्लोनमध्ये सगळीकडे पसरले असतील तर क्लोन मिश्र आहे. लिमिटिंग डायल्युशनला (पातळ करून एकेक परजीवी वेगळा करताना) प्लेटच्या विहिरीमागे (खळग्यामागे) सरासरी ०.३ परजीवी टाकले तरी ९६ पैकी २५ विहिरी वाढतात आणि त्यातल्या तीन-चार मिश्र निघतात. हुबेहूब सारखे क्लोन सापडले तर एकच ठेवा.

ऐरोलीकर: टोकं आणि एक मिश्र क्लोन काढला, १,५०० वर आलं. आता क्यूटीएल (गुणधर्माशी जोडलेला क्रोमोसोमचा भाग शोधण्याची पद्धत) लावून थेट जीन गाठता येईल?

खारघर_लॅब: एवढी घाई नको. उरलेल्या ३४ क्लोनमध्ये एक क्रॉसओव्हर म्हणजे २.९ सेंटीमॉर्गन, जवळपास ५० किलोबेस. त्यात दहाएक जीन सहज मावतात. याच क्रॉसमध्ये क्लोरोक्विन (मलेरियाचं औषध) रेझिस्टन्स क्रोमोसोम ७ वर ३६ किलोबेसपर्यंत आणला, तरी १९९७ मध्ये संशय सीजी२ या जीनवर गेला. खरा जीन, पीएफसीआरटी, त्याच तुकड्यात होता. तो २००० मध्ये हाती लागला.