[मंडळ-गप्पा] न्यूयॉर्कच्या खोल्या – आज रात्रीपर्यंत कळवा

वैशाली, सोमवार सकाळ

मंडळी,

न्यूयॉर्कच्या नाटकासाठी हॉटेलच्या खोल्या अजून बुक व्हायच्या आहेत. मागच्या वेळचं हॉटेल या वेळी परवडत नाही. माझा फोन करून झालाय, पुन्हा कुणी करू नका. शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री, माणसं चौदा (बाळूचे आई-बाबा धरून), खोल्या सहा.

सुहासने प्राइसलाइन या बुकिंगच्या साइटवरच्या एक्सप्रेस डीलचा स्क्रीनशॉट पाठवलाय. मॅनहॅटन, मिडटाउन, चार तारे, आणि हॉटेलचं नाव नाही. आधी पैसे भरायचे, मग नाव कळणार. भाव फारच बरा दिसतोय, पण भरलेले पैसे परत नाहीत. कार्ड माझं आहे, म्हणून विचारते: हे कुणी केलंय का? चौदा माणसांना सहा खोल्या म्हणजे दोन खोल्यांत तिघं-तिघं येणार, आणि खाटा किती ते तिथे लिहिलेलंच नाही.

वैशाली

सुहास, सोमवार सकाळ

वैशाली, घाबरू नकोस. प्राइसलाइनचं एक्सप्रेस डील काय किंवा हॉटवायर या तसल्याच दुसऱ्या साइटचं हॉट रेट काय, आतली गोष्ट एकच. रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, म्हणून हॉटेल ती स्वस्तात सोडतं. पण आपल्या नावासकट भाव उतरवला, तर पूर्ण पैसे भरलेला माणूस काउंटरवर भांडायला येतो. म्हणून नाव झाकतात. हॉटेल तेच असतं, खोलीही बहुधा तीच.

आणि नाव झाकलेलं असलं तरी डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची गरज नाही. भाग, तारे, पाहुण्यांचे गुण (८.४ वगैरे) आणि सोयींची यादी दिलेली असते. त्याच साइटवर दुसऱ्या खिडकीत, त्याच तारखांना, तोच भाग आणि तेच तारे लावून उघड यादी काढ. गुण जुळणारी दोन-तीनच हॉटेलं उरतात. झाकलेल्या डीलवर खोडलेला मूळ भाव असेल, तर तो यांच्यापैकी कुणाच्या उघड भावाशी जुळतो ते बघ. जिम आहे पण पोहण्याचा तलाव नाही, कुत्र्यांना परवानगी आहे, असली एखादी खूण मिळाली की जवळजवळ नक्की. मी कामाच्या प्रवासात हेच करतो.

एक मात्र सांभाळ. तारे हे त्या त्या साइटचे असतात. अमेरिकेत सरकारी तारे नाहीत, त्यामुळे एकीकडचे चार दुसरीकडे साडेतीन होतात. तुलना एकाच साइटच्या आत कर.

सुहास

मंजिरीताई, सोमवार दुपार

वैशाली,

प्रवासाची व्यवस्था याआधी प्रवास समितीकडून होत असे. या वर्षी समिती नेमलीच नाही, तो वेगळा विषय. पण आम्ही हॉटेलच्या सेल्स मॅनेजरशी बोलून ब्लॉक, म्हणजे एकगठ्ठा राखून ठेवलेल्या खोल्या, घ्यायचो. नावं नंतर बदलता यायची, एखादी खोली सोडता यायची, सगळे एका मजल्यावर असायचे. हे पैसे भरा आणि मग बघा काय मिळतं, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

मंजिरी

सुहास, सोमवार दुपार

ताई, ग्रुपचा दर बहुतेक ठिकाणी दहा खोल्यांपासून पुढे देतात. आपल्या सहा आहेत. शिवाय ब्लॉकमध्येही करारात अ‍ॅट्रिशनचं कलम असतंच. ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी खोल्या भरल्या की फरकाचं बिल मंडळाला येतं.

अरविंदकाका, सोमवार दुपार

अरे, एवढी चर्चा कशाला? प्राइसलाइनवर बोली लावा. ‘नेम युअर ओन प्राइस’. ९८ साली सुरू झालं, तेव्हापासून मी भक्त. तो नट विल्यम शॅटनर जाहिरातीत ओरडायचा. भाग निवडायचा, तारे निवडायचे, आपला आकडा टाकायचा. नाही म्हणाले तर त्याच मागणीवर चोवीस तास थांबावं लागे. पण त्यात गंमत होती. दुसरा भाग जोडला की लगेच पुन्हा बोली लावू देत. म्हणून असा भाग जोडायचा की जिथे चार ताऱ्यांचं हॉटेलच नाही! मागणी नवी झाली, पण हॉटेल आपल्याला हव्या त्याच भागातलं मिळणार. अशा फुकटच्या बोल्यांनी पाच-पाच डॉलरनी वर चढत जायचं. कुठल्या शहरात कुठला भाग ‘रिकामा’ आहे याची माझ्याकडे वही होती. मंडळातल्या निम्म्या लोकांनी ती झेरॉक्स केली आहे, नावं घेत नाही.

अरविंद

सुहास, सोमवार दुपार

काका, ते बंद झालं. विमानाची बोली २०१६ मध्ये गेली, नंतर हॉटेलांचीही गेली. आता आकडा तेच सांगतात, आपण हो किंवा नाही म्हणायचं.

अरविंदकाका, सोमवार संध्याकाळ

बंद झालं म्हणजे चांगलं होतं! ग्राहकाच्या हातातला खेळ होता तो, म्हणून गेला. वही मात्र आहे अजून.

दीपक (खजिनदार), सोमवार संध्याकाळ

सर्वांना,

१. स्क्रीनशॉटमधला भाव कर सोडून आहे. न्यूयॉर्क शहरात खोलीवर १४.७५ टक्के आणि वर प्रत्येक खोलीमागे रात्रीला साडेतीन डॉलर लागतात. सहा खोल्या, दोन रात्री म्हणजे नुसत्या त्या साडेतीनचे ४२ डॉलर झाले. अंदाजपत्रकात शेवटचा आकडा लिहा, पहिला नाही.

२. आपण नॉन-प्रॉफिट आहोत. कर माफ होतो का, कुणीतरी बघावं.

३. पावतीशिवाय परतावा नाही. हे मी दरवर्षी लिहितो.

दीपक

मंजिरीताई, सोमवार संध्याकाळ

दीपक, मुद्दा २ आम्ही त्या काळीच तपासला होता. पाचशे एक-सी-तीन (नॉन-प्रॉफिटचा केंद्रीय करमाफीचा दर्जा) असलं म्हणून न्यूयॉर्क राज्याचा सेल्स टॅक्स आपोआप माफ होत नाही. त्या राज्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि बिल थेट संस्थेच्या नावावर, संस्थेच्या पैशांनी भरलेलं हवं. वैशालीच्या कार्डावर, तेही साइटला आधीच भरलेल्या पैशांवर, काउंटरवरचा माणूस काय माफ करणार? फाइल समितीच्या कपाटात आहे. चावी कुणाकडे आहे ते विचारू नका.

प्राची, सोमवार संध्याकाळ

करावरून आठवलं, रिसॉर्ट फी! म्हणजे खोलीच्या भाड्यावर हॉटेल सक्तीने लावतं ती. न्यूयॉर्कमध्ये तिला डेस्टिनेशन फी म्हणतात, आणि समुद्र नाही, डोंगर नाही, तरी घेतात. पूर्वी ही काउंटरवर समजायची. १२ मे २०२५ पासून एफटीसीचा (केंद्र सरकारचा फेडरल ट्रेड कमिशन) नियम आहे की सक्तीची फी जाहिरातीतल्या भावात धरूनच दाखवायची. सरकारी कर मात्र वेगळे ठेवता येतात, म्हणून दीपकचं म्हणणं बरोबर. तरी ‘बुक’ दाबण्याआधीच्या पानावर सगळे आकडे मोजा.

आणि खाटांचं. वैशाली, तुझा प्रश्न सोडून सगळं बोलून झालं! झाकलेल्या डीलमध्ये सहसा दोन मोठ्या माणसांना पुरेल अशा खोलीचीच खात्री असते. एक खाट की दोन, ते हॉटेल ठरवतं. आम्ही दोघं आणि सासूबाई अशाच एका खोलीत पोचलो, एका साइटवरून घेतलेल्या. एकच किंग बेड. रोलअवे (चाकांचा घडीचा पलंग) मागितला तर म्हणाले, खोलीत मावत नाही. खरंच मावत नव्हता, मॅनहॅटनची खोली. सासूबाईंनी पलंग घेतला. पुढचं लिहीत नाही.

प्राची

निखिल, सोमवार रात्र

हाय ऑल, एअरबीएनबीवर मोठं अपार्टमेंट घेतलं तर? चौदा जण एकत्र, तालीमही होईल.

प्राची, सोमवार रात्र

निखिल, न्यूयॉर्क शहरात नाही जमणार. ‘लोकल लॉ १८’ नावाचा शहराचा कायदा सप्टेंबर २०२३ पासून कडक लागू आहे. तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर घरमालक स्वतः तिथे राहत असला पाहिजे आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. चौदात आपली बारा माणसं जास्त होतात.

शुभांगीकाकू, सोमवार रात्र

मिडटाउनच का? सेटची व्हॅन कुठे ठेवणार? साठाव्या रस्त्याच्या खाली गाडी नेली की ५ जानेवारी २०२५ पासून गर्दीचं शुल्क आहे, दिवसा ९ डॉलर, आणि व्हॅनच्या मापावर जास्तही. पार्किंगवर मॅनहॅटनमध्ये १८ टक्क्यांच्या वर कर. खोलीत वाचवलेले पैसे गराजला द्यायचे असतील तर द्या. नदीपलीकडे जर्सी सिटीत राहा, पाथ ट्रेन थेट तेहेतिसाव्या रस्त्याला सोडते. नाहीतर खाली फायनान्शियल डिस्ट्रिक्टला राहा. तिथे आठवडाभर सुटाबुटातली माणसं असतात, शुक्रवारी ती घरी गेली की खोल्या रिकाम्या आणि भाव उतरलेले. तुमचा मुक्काम नेमका शुक्रवार-शनिवारच आहे.

शुभांगीकाकू

निखिल, सोमवार रात्र

व्हॅन मी चालवणार आहे ना? पाथमध्ये सेटमधल्या दरवाज्याची चौकट मावणार नाही.

शुभांगीकाकू, सोमवार रात्र

दरवाजा घडीचा करा, असं मी मागच्या प्रयोगानंतरच म्हटलं होतं.

गौरी, मंगळवार सकाळ

चोवीस तासांत फुकट रद्द करता येतं ना? मग आज घेऊन टाका, उद्या बघू.

सुहास, मंगळवार सकाळ

नाही! गौरी, तो नियम विमानाच्या तिकिटांचा, तोही उड्डाण किमान सात दिवस पुढे असेल तर. हॉटेलला लागू नाही. एक्सप्रेस डील दाबलं की दाबलं.

वैशाली, मंगळवार सकाळ

सगळं वाचलं. दरवाज्याचंसुद्धा.

मिडटाउनचा हट्ट सोडला. काकूंचं ऐकून फायनान्शियल डिस्ट्रिक्ट बघितलं, थिएटरला सबवे सरळ आहे. आता अडचण फक्त तिघांच्या दोन खोल्यांची. बाकी चार खोल्यांत दोघं-दोघंच आहेत, त्यांना एक मोठी खाट आली तरी चालेल (बाळू, आई-बाबांना विचार). मग चारच खोल्या झाकलेल्या घेऊ आणि दोन उघड, दोन खाटांच्या. पण त्या कुठे घेऊ? आधी उघड घेतल्या आणि झाकलेलं हॉटेल भलतंच निघालं, तर टीम दोन ठिकाणी. सुहास?

सुहास, मंगळवार दुपार

क्रम उलटा कर. आधी झाकलेल्या चार, नाव कळलं की पाच मिनिटांत त्याच हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर दोन क्वीन खाटांच्या दोन खोल्या, रद्द करता येणाऱ्या भावाने. त्या महाग पडतील, पण चार खोल्यांतून सुटलेले पैसे धरले तर सरासरी बरीच खाली येते.

धोका एकच, ‘तिथे दोन खाटांच्या खोल्याच नाहीत’ असं निघालं तर. त्यावर उपाय म्हणजे प्राइसब्रेकर. प्राइसलाइनवरच असतं. तीन हॉटेलांची नावं दाखवतात आणि त्यातलं एक तुझं. म्हणजे कुठलं मिळणार ते गुलदस्त्यात, पण तिन्ही आधी तपासता येतात. तिघांकडेही आपल्या तारखांना दोन क्वीनच्या खोल्या असतील तरच बटण दाब. एकाकडे नसतील तर तो प्राइसब्रेकर सोड, दुसरा बघ.

आणि चारही खोल्या एकाच बुकिंगमध्ये घे. एकेक करून घेतल्यास तर प्रत्येक वेळी नवा जुगार, दुसरं हॉटेल निघू शकतं. प्रत्येक खोलीवर त्या खोलीत राहणाऱ्या माणसाचं नाव टाक. चेक-इनला ओळखपत्र आणि क्रेडिट कार्ड त्याच माणसाचं लागतं. बाळूच्या आई-बाबांच्या खोलीवर मात्र बाळूचं नाव, कारण त्यांच्याकडे इथलं कार्ड नाही. निखिलचं नाव कुठल्याही खोलीवर नको, तो अजून एकवीसचा झालेला नाही आणि ती अट बऱ्याच ठिकाणी असते.

मंजिरीताई, मंगळवार दुपार

सुहास, हॉटेलवाले नेहमीच्या गिऱ्हाइकांना देतात त्या पॉइंट्सचं बोलायचं राहिलं. साइटवरून घेतलेल्या खोलीला हॉटेलवाले सहसा स्वतःचे पॉइंट देत नाहीत. ब्लॉकमध्ये मिळतात. मंडळाच्या नावाने साठलेले पॉइंट होते, त्याचं पुढे काय झालं?

दीपक (खजिनदार), मंगळवार दुपार

मंडळाच्या नावाने पॉइंट साठत नाहीत. जे ब्लॉकच्या करारावर सही करतात त्यांच्या नावाने साठतात.

मंजिरीताई, मंगळवार दुपार

यावर मी फोनवर बोलेन.

अरविंदकाका, मंगळवार संध्याकाळ

तीन नावं दाखवून एक देतात? हे तर आमच्यापेक्षा सोपं झालं. वहीत लिहून ठेवतो. दुवा पाठवा कुणीतरी, मोठ्या अक्षरात.

वैशाली, मंगळवार रात्र

झालं. पहिल्या प्राइसब्रेकरमध्ये एका हॉटेलला दोन खाटांची खोलीच नव्हती, म्हणून सोडला. दुसऱ्यात तिघांकडेही होत्या, दाबला. चार खोल्या एका बुकिंगमध्ये, मागोमाग हॉटेलच्याच साइटवर दोन क्वीनच्या दोन. सहाही खोल्या एका छताखाली. मजला एकच मिळावा म्हणून उद्या सकाळी हॉटेलला थेट फोन करते, साइटच्या कस्टमर केअरला नाही. त्यांना मजल्यातलं काही कळत नाही.

व्हॅन शुक्रवारी रात्री नऊनंतर आत आणायची, तेव्हा गर्दीचं शुल्क कमी असतं. निखिल, हे तुझ्यासाठी आहे. दरवाज्याची चौकट थिएटरवरच उतरव, हॉटेलात आणू नकोस.

प्राची, मंगळवार रात्र

तिघांच्या खोलीत कोण कोण? घोरणाऱ्यांची नावं आधी कळवा.

दीपक (खजिनदार), मंगळवार रात्र

वैशाली, दोन पावत्या येतील: चार खोल्यांची साइटकडून, दोनची हॉटेलकडून निघताना. दोन्ही पीडीएफ हव्यात. चेक-इनला प्रत्येकाच्या कार्डावर डिपॉझिट अडकवून ठेवतील, ते नंतर सुटतं. तो खर्च नाही, त्याचा परतावा मागू नये. डेबिट कार्ड देऊ नका, पैसे खात्यातूनच अडकतात आणि सुटायला वेळ लागतो. आणि घोरण्याची चर्चा कृपया दुसऱ्या विषयाखाली करा.